कफ : सकाळी, संध्याकाळी

मी नोकरीची सगळी वर्षं लोकांना खोकायला लावलं. घरोघरी आया पोरांना दटावतात, गार खाऊ नको, खोकू नको. आणि मी पांढरा कोट घालून उलटं सांगायची. खोक, अजून खोक, पोटातून खोक! फिजिओथेरपिस्ट हा शब्द आमच्या वाशीत तेव्हा कुणाच्या जिभेवर बसत नसे. कुणी मालिशवाल्या बाई म्हणे, कुणी व्यायामवाल्या बाई. जवळच्या शिरवणे गावात मात्र माझं नाव पाठ बडवणाऱ्या बाई असं पडलं होतं. मला ते सगळ्यात आवडायचं, कारण ते खरं होतं.

सत्तरचं दशक संपता संपता आम्ही दादर सोडून वाशीला राहायला आलो, तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. खाडीपलीकडे कुणी राहतं का, म्हणाले. इथे तेव्हा नव्या इमारती, मधे भाताची खाचरं, बेलापूरकडे गेलात की मिठागरं आणि सगळ्यांच्या नाकात कारखान्यांचा वास. आमचं इस्पितळ छोटंसं, माझा विभाग म्हणजे एक खोली, दोन पलंग आणि एक पडदा. मान धरलेले कारकून यायचे, गुडघे धरून आज्या यायच्या, कारखान्यात हात चेंगरलेले कामगार यायचे. हे सगळं मी करायची, पण खरं सांगू? माझा जीव रमायचा तो छातीत. भरलेली छाती आपल्या हाताखाली मोकळी होते, घरघर थांबून वारा आत शिरलेला कानाला कळतो, तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शिरवण्याच्या हिराबाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. मुलीचं नाव जयवंती, हाक जयू. काडीसारखे हात, वाहतं नाक, आणि बोटांची टोकं फुगीर झालेली. जन्मल्यापासून सर्दी आणि खोकला. गावात दृष्ट काढून झाली होती, दोनदा क्षयाची औषधं देऊन झाली होती. बाप गणपत जवळच्याच एका कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला, त्यामुळे धावपळ सगळी आईची.

दर बुधवारी मुंबईहून छातीचे डॉक्टर सबनीस यायचे. त्यांनी जयूचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला, काढला, उलटा करून लावला, पुन्हा काढला. मग एक्स-रेच्या शिर्क्यांना बोलावून चांगलं झापलं, की फिल्मवर डावं-उजवं चुकीचं टाकलंत. शिर्के म्हणजे अतिशय काटेकोर माणूस. ते रडकुंडीला आले, म्हणाले, मी पुन्हा काढतो. पुन्हा काढला. तोच! तेव्हा डॉक्टरांनी मुकाट्यानं उठून जयूच्या उजव्या छातीवर तळवा ठेवला आणि तसेच थांबले. मग माझा हात धरून तिथे ठेवला. अहो, मुलीचं काळीज उजवीकडे धडधडत होतं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डॉक्टरांचा तर आनंद चेहऱ्यावर मावेना. त्यांनी शिर्क्यांची माफी मागितली, आणि आम्हा सगळ्यांना तिथेच उभं करून आजार समजावून सांगितला.

तो मी तुम्हालाही सांगते, सोपा आहे. आपल्या श्वासनळ्यांना आतून डोळ्याला न दिसणारे बारीक केस असतात. ते रात्रंदिवस एकाच दिशेनं, वर घशाकडे, झाडलोट करत असतात. आत गेलेली धूळ, जंतू, सगळं कफात चिकटतं आणि हे केस ते वर ढकलतात. आपण ते नकळत गिळतो, आपल्याला पत्ताही नसतो. जयूसारख्या मुलांचे हे केस जन्मतःच हलत नाहीत. आई-बाप दोघंही ठणठणीत, पण दोघांकडून एकेक बिघडलेला अंश आला की मूल असं जन्मतं. अशा काही मुलांचं काळीजही उजवीकडे असतं. केस हलत नाहीत म्हणून कफ जागच्या जागी साचतो, साचल्यावर सडतो, सडल्यावर नळ्या आतून खराब होऊन ढिल्या पडतात, आणि ढिल्या नळ्यांत आणखी कफ साचतो. यावर तेव्हा औषध नव्हतं. जंतू मारायची औषधं होती, पण झाडलोट करायचं औषध नव्हतं.

"हिच्याजवळ एकच झाडू आहे," डॉक्टर म्हणाले, "तिचा खोकला. तो शाबूत ठेवा. बाई, आता ही तुमची पेशंट."

मी हवेतच होते! असली केस हातात यायला लोक मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं वाट बघतात, आणि माझ्या पडद्याआडच्या खोलीत ती चालत आली होती. हिराबाई लेकीला आठ दिवस रोज घेऊन आल्या. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली मी लाकडी ठोकळे सरकवायची, म्हणजे डोकं खाली आणि कंबर वर. बाटलीतला दाट मध काढायला बाटली उलटी करतो, तेवढंच त्यातलं शास्त्र. मग पाठीवर हात. हा हात चापट मारायचा नाही. पाणी प्यायला एका हाताचा पसा धरतो तसा तळवा पोकळ धरायचा आणि मनगट सैल सोडून थापटायचं. आवाज पोकळ आला पाहिजे. चटचट आला तर पोराला लागतंय आणि कफ जागचा हलत नाहीये. मग आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून जोरात "हा" करायचं, दोन-तीनदा, आणि शेवटी खोकला. आठव्या दिवशी जयूच्या वाडग्यात निम्म्यापर्यंत हिरवट पिवळा बेडका पडला होता, आणि मी तो वाडगा खजिना सापडल्यासारखा शिर्क्यांना दाखवायला नेला. त्यांनी नंतर आठवडाभर माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही.

आठव्या दिवशीच मी चूक केली.

बाहेर रांग लागली होती. मी हिराबाईंचा हात हातात घेऊन पसा कसा धरायचा ते दाखवलं, घरी गाद्यांच्या वळकटीवर मुलीला कसं पालथं घालायचं ते दाखवलं, आणि गणपतला वाचता येतं म्हणून एक कागद लिहून दिला. घाईत लिहिलं : "कफ : सकाळी, संध्याकाळी. जेवणाआधी." खाली माझी सही. मला म्हणायचं होतं, कफ काढायचा. "काढायचा" हा शब्द लिहायचा मला कंटाळा आला.

पुढचं मला नंतर कळलं. हिराबाईंनी चार दिवस इमानेइतबारे थापटलं. सकाळ-संध्याकाळ त्या घरातून धपधप आवाज आणि पोरीचा खोकला. शेजारी गोळा झाले. आजारी पोरीला मारतेस म्हणून आळीतल्या म्हाताऱ्यांनी हिराबाईंना फैलावर घेतलं. त्यात थापटल्यावर खोकला वाढला, तो वाढायलाच हवा होता, पण हे मी सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, बंद कर हे. मग गणपतनं माझा कागद काढला आणि औषधाच्या दुकानात दाखवला. दुकानदारानं वाचलं, कफ, सकाळी, संध्याकाळी, जेवणाआधी, खाली इस्पितळातल्या बाईंची सही. त्यानं फळीवरची बाटली दिली. बाटलीवर मोठ्या अक्षरात होतं, कफ सिरप.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, कपाळ! इंग्रजीत कफ म्हणजे खोकला आणि आपल्यात कफ म्हणजे छातीतला बेडका. आपल्याकडचा माणूस कफ सिरप घेतो ते कफ निघावा म्हणून. आणि त्या बाटलीत होतं खोकला दाबणारं औषध, थोडं गुंगीचं. म्हणजे डॉक्टर ज्याला झाडू म्हणाले होते, तो माझ्या सहीनं काढून घेतला गेला.

तीन आठवड्यांनी हिराबाई आल्या. एकट्याच. हातात टोपली, टोपलीत खाडीची ताजी कोलंबी. चेहरा नुसता फुललेला.

"बाय, तुमचे हाताला गुन हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचा खोकला पार गेला. रातची अशी निजते, हलत पन नाय."

आणि मी? मी हुरळले. आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते. ज्या मुलीच्या नळ्यांतले केस हलत नाहीत तिचा खोकला पार जाणं म्हणजे धोक्याची घंटा, हे माझ्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मी, जयू कुठे आहे, तिला का नाही आणलं, एवढंही विचारलं नाही. शिर्क्यांना हाक मारून कोलंबी दाखवली. संध्याकाळी तिचं कालवण केलं आणि नवऱ्याला म्हटलं, बघ, याला म्हणतात पावती.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, गणपत कुणाच्या तरी टेम्पोतून जयूला घेऊन आला. तापानं फणफणलेली, नखं निळसर, श्वास वरच्या वर. सबनीस नुकतेच पोचले होते. एक्स-रेत एका बाजूचं खालचं सगळं फुप्फुस पांढरंफटक. नळीत बेडक्याचा घट्ट बोळा बसून वारा जायची वाटच बंद झाली होती. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, सुई सुरू केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की दुपारपर्यंत हा बोळा सुटला नाही तर मुंबईला न्यावं लागेल, आत नळी घालून काढायला. पण या अवस्थेत खाडीपूल ओलांडून मोठ्या इस्पितळापर्यंत ती टिकेल, असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

"खोकला कधी थांबला?" त्यांनी हिराबाईंना विचारलं.

हिराबाईंनी पिशवीतून बाटली काढली. दुसरी, अर्धी संपलेली, झाकणावर फडकं बांधून नीट जपलेली. "बाईंचाच औषध हाय. एक दिस पन चुकवला नाय." आणि बाटलीबरोबर माझा कागदही काढला.

तो कागद मी वाचला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनीही वाचला. मी हिराबाईंसमोर उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे, तुमची नाही, दुकानदाराची नाही. मी अर्धवट लिहिलं, आणि तुम्ही सांगायला आलात तेव्हाही नीट ऐकलं नाही. त्या बाईनं बाटली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ते मागून बोलू. आता तिला मोकली करा."

साडेनऊला मी हात लावला. डोकं फार खाली घेता येत नव्हतं, दम लागला असता, म्हणून कुशीवर, थोडासाच उतार. आधी वाफ. मग थापटणं, मग श्वास सोडताना तळव्यानं बरगड्या थरथरवणं, मग विसावा. पुन्हा तेच. अकरा वाजले, बारा वाजले. शिर्के मधे मधे दारात येऊन उभे राहायचे. माझ्या मनगटात गोळे आले तेव्हा हिराबाई पुढे झाल्या. मी बघतच राहिले! पसा अगदी बरोबर, मनगट सैल, आवाज पोकळ. गावाचे बोल खात चार दिवसांत ती बाई माझ्याइतकं शिकली होती. आम्ही आळीपाळीनं लागलो. बाराच्या पुढे हाताखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. कान लावला. बुडबुडे! बोळा हलला होता, वर आला होता. मी ओरडलेच. आता फक्त एक खणखणीत खोकला हवा होता.

आणि जयू खोकेना.

त्या सकाळी औषध दिलं नव्हतं, म्हणून गुंगी उतरली होती, ताकद थोडी का होईना होती. उबळ यायची, मला तिच्या बरगड्यांत कळायची, आणि पोर ओठ गच्च मिटून, डोळ्यांत पाणी आणून ती गिळून टाकायची. मी समजावलं, दटावलं, गोंजारलं. शेवटी तिच्या तोंडाशी कान नेऊन विचारलं, का गं गिळतेस? तिनं हळूच सांगितलं. शाळेत खोकलं की बाई वर्गाबाहेर बसवतात. पोरी डबा लांब ठेवतात. म्हणून तिनं खोकला गिळायचा सराव केला होता, आणि आता तिला तो पक्का जमत होता.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नऊ वर्षांच्या मुलीनं जगायचा एकमेव रस्ता स्वतःच्या हातानं बंद करायला शिकावं, आणि शिकवणारे आपण सगळे. मी उठले. पडदा सर्रकन बाजूला केला. बाहेर बाकावर माझेच पेशंट बसले होते : बेलापूरच्या कचेरीतले मानेचा पट्टा लावलेले एक हेडक्लार्क, दोन आज्या, तळोज्याचा एक फोरमन, आणि शिर्के. मी म्हटलं, सगळ्यांनी आत या आणि खोका. लोकांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. पण आधी हिराबाई खोकल्या. मग गणपत. मग शिर्के घसा साफ करून इतकं सभ्यपणे खोकले, की त्याला खोकला म्हणणं कठीण. आज्यांनी मात्र जी सुरुवात केली! फोरमन गडगडला. हेडक्लार्कसाहेब मान न हलवता, समोर भिंतीकडे बघत, शिस्तीत एकेक खोकत होते. डॉक्टर सबनीस काय झालं म्हणून धावत आले, दोन क्षण थांबले, आणि तेही खोकायला लागले.

जयूला आधी कळेना. मग तिचा ओठ हलला. मग हेडक्लार्कांकडे बघून ती खुदकन हसली. या मुलांना हसलं की खोकला येतोच, ते काही केल्या गिळता येत नाही. एक उबळ आली, दुसरी आली, मी तिला धरून पुढे वाकवलं, हिराबाईंनी पाठीवर हात टाकला, आणि तिसऱ्या खोकल्याला बोळा बाहेर आला. करंगळीएवढा, घट्ट, त्यात नळीच्या फांद्यांचा आकार उमटलेला. मागोमाग वाडगाभर पू. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि मला खूण केली. मी कान लावला. वारा जात होता. त्या बंद पडलेल्या कोपऱ्यात वारा जात होता! मी, हिराबाई, आज्या, सगळ्या रडत होतो आणि हेडक्लार्क अजून खोकत होते, त्यांना थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

जयूला पुढे तीन आठवडे ठेवून घ्यावं लागलं. खराब झालेल्या नळ्या सुधारत नाहीत. तेवढा भाग तिनं कायमचा गमावला, आणि त्यातला काही माझ्या कागदापायी. हे मी कधी लपवलं नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत कुठल्याही कागदावर मी कफ हा शब्द लिहिला नाही. "छातीतला बेडका थापटून, खोकून बाहेर काढणे" असं पूर्ण वाक्य लिहायची. नवे डॉक्टर म्हणायचे, बाई, जरा बरा शब्द नाही का. मी म्हणायची, नाही. खोकला कमी झाला असं सांगत कुणी आलं, की हातातलं काम टाकून आधी छाती ऐकायची. जयू आज स्वतः संसारी बाई आहे, रोज सकाळी अर्धा तास वळकटीवर पालथी पडते, आणि थापटायला नवरा आहे.

पण मला शेवटी सांगायचंय ते शाळेचं. जयू बरी झाल्यावर मी आणि हिराबाई तिच्या वर्गशिक्षिकेला भेटलो. त्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना क्षयाची भीती होती, आणि बाकीच्या पोरांचे आईबाप त्यांना जाब विचारत होते. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, केसांची गोष्ट सांगितली, हा आजार कुणाला लागत नाही, पण ही मुलगी खोकली नाही तर मरेल, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बघते, म्हणाल्या. त्या बघतेवर माझा काही विश्वास बसला नाही. म्हणून महिन्याभरानं एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी न सांगताच गेलो आणि वर्गाच्या मागच्या दारात उभ्या राहिलो.

श्रुतलेखन चाललं होतं. जयू दुसऱ्या रांगेत बसली होती. बाई एकेक शब्द सांगत होत्या, पाट्यांवर पेन्सिली कुरकुरत होत्या. जयूची पाठ ताठ झाली. मला लांबूनही कळलं, उबळ आली. तिनं मान वर करून बाईंकडे बघितलं. बाईंनी पुस्तक खाली घेतलं.

"थांबा रे सगळे," त्या म्हणाल्या. "जयवंतीचं होऊ दे."

पेन्सिली थांबल्या. कुणी हसलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. सवयीचं झालं होतं त्यांना. जयूनं दोनदा "हा" केलं, मग पोटातून खोकली, दप्तरातून झाकणाचा डबा काढून त्यात थुंकली, झाकण लावलं आणि पेन्सिल उचलली. बाईंनी पुढचा शब्द सांगितला.

हिराबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. नऊ वर्षं त्या पोरीला खोकू नको, खोकू नको म्हणत आलेली ती आई पदर तोंडाला लावून माझ्या कानात म्हणाली, "बाय, कवरी साफ खोकली माझी पोर."